आलिकांतेच्या धक्क्यावर

28 मार्च 1939. माद्रिद फ्रँकोच्या हातात गेलंय. जवळपास तीन वर्षं लढलेले प्रजासत्ताकाचे सैनिक, सोबत कितीतरी साधी माणसं, सगळे आलिकांते बंदराकडे निघालेत. आशा एकच: जहाजं येतील.

त्या रात्री एक जहाज निघालं. स्टॅनब्रुक, ब्रिटिश मालवाहू. कॅप्टन आर्चिबाल्ड डिक्सन संत्री, तंबाखू, केशर न्यायला आला होता. त्याने माल सोडला, माणसं घेतली. 2,638! जहाज अल्जीरियातल्या ओरानला पोचलं.

पण मागे माणसं येतच राहिली. सुमारे 15,000.

आता प्रश्न पडतो, प्रजासत्ताकाचं स्वतःचं आरमार कुठे होतं? तर ते 5 मार्चलाच कार्ताहेना सोडून गेलं होतं आणि फ्रेंचांनी बिझर्तेत अडकवून ठेवलं. त्याच दिवशी कर्नल कासादोने आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं. त्याला वाटलं, फ्रँको आपल्याशी तडजोड करेल. फ्रँकोला हवी होती बिनशर्त शरणागती. आणि ब्रिटन-फ्रान्सने तर फेब्रुवारीतच फ्रँकोला मान्यता देऊन टाकली होती. मग जहाजं पाठवणार कोण?

30 मार्चला इटालियन सैन्य शहरात शिरलं. समोर समुद्र, मागे शत्रू. काहींनी बंदुका पाण्यात फेकल्या. काहींनी तिथेच जीव दिला.

1 एप्रिलला फ्रँकोने युद्ध संपल्याचं जाहीर केलं. धक्क्यावर पकडलेल्यांना बदामाच्या बागेत कोंडलं होतं. खायला जवळपास काहीच नाही. मग त्यांनी झाडांवरचे कोवळे बदाम खाल्ले, ते संपल्यावर पानं.