संकल्पचित्र कोणासाठी?

आपल्याकडे शाळेतल्या चित्रकलेचा विषय निघाला की दोन शब्द हमखास कानावर येतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी दिल्या, मीही दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र यांच्या जोडीला त्यात संकल्पचित्राचा एक पेपर असतो. आखून दिलेल्या आकारात पानं, फुलं, पक्षी बसवायचे आणि रंग सपाट भरायचे. कागद वाळला, तपासला गेला की काम संपलं. ते कोणाच्या उपयोगी पडणार, हे कोणी विचारत नाही.

मी कवितेच्या नादी लागलेला माणूस, त्यामुळे शब्दापाशी थबकतो. संकल्प म्हणजे निश्चय. मग हा निश्चय कोणासाठी करायचा? या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या नांदगाव खंडेश्वरपासून फार लांब नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम लागतं.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी अध्यक्ष होते. मुलांचं शिक्षण हातांच्या कामातून, एखाद्या उपयोगी उद्योगाच्या आधारानं व्हावं, हा तिथला मुख्य विचार. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे १९६७ मध्ये हेच देशाचे राष्ट्रपती झाले. समितीनं सात वर्षांचं शिक्षण सुचवलं. मूलोद्योग, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान यांच्याबरोबर चित्रकला आणि संगीत यांनाही त्यात जागा होती. हीच ‘नई तालीम’.

या विचाराला चित्रकाराची साथ आधीच मिळाली होती. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्याची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली. नंदलालबाबूंनी बांबूसारख्या खेड्यातच मिळणाऱ्या सामानातून ती उभी केली. १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला तर त्यांनी ८० हून अधिक चित्रं रंगवली. ढोलकी वाजवणारा, कापूस पिंजणारा, घरकाम करणारी बाई असे सगळे आपल्या ओळखीचे लोक. येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्याला ती सहज दिसावीत, अशी मांडली होती.

याच नंदलालबाबूंचा एक विद्यार्थी, देवीप्रसाद, १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आला आणि १९६२ पर्यंत राहिला. चित्रकार होता, तसाच कुंभारकामातही मुरलेला. ‘बच्चों की कला और शिक्षा’ हे त्यांचं पुस्तक याच अनुभवातून आलं. त्यांच्या दृष्टीनं कला हा वेळापत्रकातला जादा तास नव्हता, शिक्षणाचा पायाच होता. मुलाचं चित्र स्पर्धेत नंबर काढण्यासाठी नसतं. ते त्याच्या जगण्याशी, आजूबाजूच्या माणसांशी जोडलेलं असतं. ज्या हातांनी सूत काततो, अंगण झाडतो, त्याच हातांनी मडकं घडवायचं आणि चित्र काढायचं.

आपल्या वऱ्हाडाला हे परकं वाटू नये. याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आमच्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारा पोरगा असो की मोहरमला बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चढवून ताजिया उभारणारा, दोघंही संकल्पचित्रच करत असतात. आणि ते कोणासाठी, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच काळात आपल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांची ‘विद्यामंदिर’ योजना आली. गावोगाव शाळा निघाव्यात, हा हेतू चांगलाच होता. पण नावातल्या ‘मंदिर’ शब्दावरून मुस्लिम समाजात नाराजी पसरली आणि तिचं राजकारणही झालं. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला मंदिर हा शब्द परका नाही. खंडेश्वराचं यादवकालीन देऊळ आमच्या गावाची खूण आहे, नावासकट. तरीही मला त्या प्रसंगातून एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. ज्याच्यासाठी काम करायचं, त्याला आधी विचारायचं. योजनेचं नाव असो की भिंतीवरचं चित्र, न विचारता केलेली सेवा कधीकधी समोरच्याला ओझं वाटते.

स्वातंत्र्यानंतर नई तालीम मागे पडली. खेड्यातल्या आईबापांनाही वाटू लागलं की शहरातल्या मुलांना पुस्तकं आणि आपल्या मुलांना टकळी, हा कुठला न्याय? ही शंका काही चुकीची नव्हती. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव आणि समाजसेवा यांची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे भारदस्त नाव दिलं. अमेरिकेतही १९६७ च्या सुमारास सेवेतून शिकण्याला स्वतंत्र नाव मिळालं. आमच्या वाट्याला मात्र खडूच्या पेट्या, कागदी फुलं आणि वर्षअखेरीची वही आली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असलेल्या शाळेत कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक ठरवून दिले. म्हणजे लहान गावातल्या लहान शाळेला तेवढाही हक्क नाही. दुसरीकडे ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून परीक्षेला बसणारी मुलं असतात. गुण मिळावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिक्षक अर्धा आणि गुण पूर्ण, हे गणित चित्रकलेचं नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत काढण्याची सूचना आहे. त्या दहा दिवसांत काय करता येईल? मुलांनी दवाखान्यात जाऊन बसावं. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीला औषधाची खिडकी कशी सापडते, ते पाहावं, तिला विचारावं आणि मग तिच्यासाठी पाटी रंगवावी. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत न वाचता येणाऱ्या कोट्यवधी मतदारांना चित्रांच्या चिन्हांनीच वाट दाखवली होती. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलं. गांधीजींचा नुसता चष्मा, पण देशभर ओळखला गेला.

पाटी रंगवून झाली की मुलांनी दोन दिवसांनी पुन्हा जावं. आजी वाट न विचारता खिडकीपाशी पोचली, तर चित्र उत्तीर्ण. चुकली, तर रंग अजून ओला आहे, पाटी पुन्हा करावी. या परीक्षेला ग्रेड नाही, पण परीक्षक खरा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)