कोब्याची जाडी

पेशवाईतील वाड्यांचे वर्णन करताना आपले लेखक महिरपींत आणि सुरूच्या खांबांत रमतात. परंतु १७३० च्या १० जानेवारीस ज्याचा पाया घातला गेला, त्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्यावर मागे उरले ते दगडी तट, जोती आणि हौद, हे ध्यानात घेतले म्हणजे भूमीलगतच्या बांधकामाची आपण किती उपेक्षा केली आहे, ते उमगते.

दख्खनची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पक्का मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत चर खणीत जायचे, हा गवंड्याचा पहिला दंडक असे, आणि पायाची खोली अंकांच्या कोष्टकापेक्षा त्या जागच्या जमिनीच्या हुकुमानेच ठरे. जोते भरून आले की आत मुरूम घालून, पाणी मारून, धुमसाने चोपीत. सामान्य घरात त्यावर शेणाने सारवलेली भुई पुरे होई. संपन्नांच्या घरी मात्र, विशेषतः गच्चीवर, कोबा लागे. बैलाच्या घाणीत मळलेला चुना, विटांचे तुकडे आणि सुरखी यांचा तो थर चोपून साधारणतः चार इंचांवर येई. बाया ओळीने उकिडव्या बसून, गुळाचे व बेलफळाचे पाणी शिंपडीत, लाकडी थाप्यांनी तो दिवसचे दिवस बडवीत, आणि थापी पृष्ठभागावरून उसळू लागेपर्यंत त्यांचे हात थांबत नसत. नक्षीदार तुळईच्या कारागिराला जो मान आपण देतो, तोच या स्त्रियांना द्यावा, असे मला मनापासून वाटते.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने हाच विधी सांगितला आहे: तळाशी मूठभर आकाराचे दगड, त्यांवर चुना आणि खडी यांचा, चोपल्यावरही पाऊण फुटाहून कमी नसलेला थर, आणि त्यावर तीन भाग खापरचुरा व एक भाग चुना यांचा सहा बोटांचा लेप. एवढ्या जाडीचे आणि चोपण्याचे प्रयोजन चुन्याच्या स्वभावात आहे. तो हवेतील वायू शोषून अत्यंत सावकाश कठीण होतो.

१८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, १९१४ मध्ये पोरबंदरचा कारखाना सिमेंट काढू लागला, आणि पाण्याच्या संयोगाने लवकर घट्ट होणाऱ्या या द्रव्यापुढे चुन्याच्या घाणी हळूहळू ओस पडल्या. तळघराच्या तळाशी, जेथे भूगर्भातील पाणी खालून रेटा देते, तेथे या नव्या द्रव्याने मोठी सोय केली, हे निर्विवाद आहे. परंतु जमिनीच्या चार इंचांचा हिशेब चोख ठेवणारा मक्तेदार खालच्या भरावावर धुमस फिरवण्यात कुचराई करतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत भराव खचतो, वरचा थर पोकळीवर अधांतरी राहतो, आणि भिंतीलगत भेग उमटते. ती बुजवण्यासाठी आणखी दोन इंच सिमेंट ओतले, तरी खालची पोकळी जशीच्या तशीच राहते.