कोंबडीचा कलकलाट : एका उपेक्षित ध्वनीच्या अभ्यासाचा इतिहास

संस्कृत व्याकरणपरंपरेत कोंबड्याला जे स्थान लाभले, ते कोंबडीला कधीच लाभले नाही. ह्रस्व, दीर्घ व प्लुत ह्या स्वरभेदांची व्याख्या करताना पाणिनीने उकाराचाच आधार का घेतला, ह्याचे उत्तर परंपरा कोंबड्याच्या आरवण्यात शोधते. त्या आरवण्यात उकाराच्या तिन्ही मात्रा क्रमाने ऐकू येतात, असे सांगितले जाते. मराठीनेही कोंबड्याच्या ध्वनीसाठी ‘आरवणे’ हे क्रियापद राखून ठेवले आहे. अंडे घातल्यावर कोंबडी जो नाद करते त्याला मात्र आपण ‘कलकलाट’ म्हणतो, आणि हाच शब्द कावळ्यांना, पोरांना व बाजारालाही लावतो. ह्या असमतोलाचे कारण उघड आहे. कोंबड्याचे आरवणे मनुष्याला वेळ सांगते. कोंबडे झाकले तरी उजाडावयाचे राहत नाही, ही म्हण त्याच उपयोगातून निघाली. कोंबडीच्या नादाचा तसा उपयोग नसल्याने तो गोंगाट ठरला. हा गोंगाट अभ्यासाचा विषय कसा झाला आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यातून काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्राचीन ग्रंथकारांचे कोंबडीकडे अगदीच लक्ष नव्हते, असे नाही. रोमन लेखक प्लिनी ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविले आहे की, अंडे घातल्यावर कोंबडी अंग शहारते, पिसे झाडते व गोल फिरून जणू आपली शुद्धी करून घेते. निरीक्षण बारीक आहे. अर्थ मात्र मनुष्याच्या धर्माचाराचा आहे. पुढील अनेक शतके ह्याच रीतीने गेली. कोंबडी दिसली, पण ऐकली गेली नाही.

ऐकण्याचा आरंभ एका मुलाने केला, असे म्हणावयास हरकत नाही. नॉर्वेतील थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे (१८९४–१९७६) ह्यास बालपणापासून कोंबड्यांचा नाद होता, आणि त्यांच्या वर्तनाची टिपणे तो नेमाने ठेवीत असे. कळपातील कोंबड्यांमध्ये कोणी कोणास टोचावे ह्याचा ठरलेला क्रम असतो, हा त्याचा १९२२ मधील जर्मन निबंधातील सिद्धांत जगभर पोहोचला. परंतु त्यापूर्वीच, १९१३ साली, म्हणजे वयाची विशी उलटण्याआधी, त्याने प्रसिद्ध केलेला लेख कोंबड्यांच्या आवाजाविषयी होता, हे फारसे सांगितले जात नाही. टोचण्याचा क्रम कीर्तीस चढला आणि आवाज पुन्हा मागे पडला.

दुसरा टप्पा आपल्या विद्याशाखेस अधिक जवळचा आहे. १९४० नंतरच्या दशकात ध्वनीचे चित्र कागदावर उतरविणारे वर्णपटलेखक यंत्र प्रयोगशाळांत आले. मनुष्याच्या उच्चारांसाठी त्याचा उपयोग करणाऱ्यांत अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मार्टिन जूस हा अग्रेसर होता. ध्वनिविज्ञानावरील त्याचा ग्रंथ १९४८ चा. ह्याच जूसने प्राणिशास्त्रज्ञ निकोलस कोलियस ह्याच्या सहकार्याने १९५३ साली कोंबड्यांच्या ध्वनिसंकेतांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. पिलांना जवळ ओढणारे ध्वनी आखूड, तुटक, पुनरावृत्त व खालच्या पट्टीतील असतात. धोक्याचे ध्वनी लांब, अखंड व वरच्या पट्टीकडे झुकणारे असतात. पिलाच्या समाधानाचा स्वर चढता, तर व्याकुळतेचा उतरता असतो, असे त्यांत दिसून आले. ज्याला आपण एकच कलकलाट म्हणत होतो त्यात भेद होते, आणि ते भेद नियमबद्ध होते. पुढे १९८७ मध्ये कोलियसने तांबड्या रानकोंबडीच्या ध्वनींचे वर्गीकरण केले, तेव्हा सुमारे २४ प्रकार त्याच्या हाती लागले.

आता प्रत्यक्ष अंडे घालण्याच्या प्रसंगाकडे वळू. परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्यास हा क्रम ठाऊक असतो. कोंबडी आधी अस्वस्थ होते, कोपरे धुंडाळते, लांबट व कुरकुरल्यासारखा सूर काढते. दोनचार जागा रिकाम्या असल्या तरी जेथे आधी अंडे आहे तेथेच बसू पाहते. म्हणूनच घरोघर एखादे अंडे मुद्दाम जागेवर ठेवण्याची चाल पडली. अंडे घातले की तोच प्राणी उठून ठसक्यांची मालिका सुरू करतो, मधूनच एक उंच, लांब ठसका देतो, आणि पुष्कळदा इतर कोंबड्याही त्यात सूर मिळवतात. एक अंडे तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात आणि नवे बीज अंडे घातल्यावर सुमारे अर्ध्या तासाने सुटते. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि ती दुपारपर्यंत गेली की एखादा दिवस खाडा पडतो. कोंबडी लहरी आहे, हा समज बव्हंशी ह्या हिशेबाच्या अज्ञानातून आला आहे.

पूर्वीच्या अस्वस्थतेचे कारण एडिंबरो येथील वुड-गश व गिल्बर्ट ह्यांनी १९६४ मध्ये दाखविले. बीज सुटल्यावर अंडाशयात जो रिकामा कोश उरतो, तो काढून टाकला तर कोंबडी अंडे घालते, परंतु जागा शोधण्याचे तिचे वर्तन बिघडते. म्हणजे आजची कुरकुर कालच्या घटनेने ठरलेली असते. अंडे घातल्यानंतरच्या कलकलाटाचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण नुकतीच सोडलेली जागा शत्रूस कळविणे हिताचे दिसत नाही. ऑस्ट्रेलियाजवळील एका बेटावर रानटी झालेल्या कोंबड्यांचा अभ्यास १९६९ मध्ये मॅकब्राइड व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तेथे अंडे घालण्यासाठी कळपापासून दूर गेलेली कोंबडी कलकलाटानंतर पुन्हा नराच्या सोबतीत येते, असा अर्थ पुढे आला. २००१ मध्ये पिझारी व बर्कहेड ह्यांनी कोंबडी कोणासाठी कलकलते हा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच घेतला. अंडे घालण्याच्या सुमारास संयोग फलदायी होण्याचा संभव कमी असतो. तेव्हा हा नाद नराला ती स्थिती कळवून त्याचा उपद्रव टाळण्यासाठी असावा, ही उपपत्ती त्यांनी तपासली. आनंद किंवा बढाई हे आपण लावलेले अर्थ ह्या दोन्ही मतांत कोठेच बसत नाहीत.

मग ही भाषा आहे काय? येथे सावधगिरी हवी. १९६३ मध्ये कोनिशी ह्याने दाखविले की, बहिऱ्या केलेल्या कोंबड्यांचे ध्वनीही नेहमीसारखेच घडतात. ते ऐकून शिकावे लागत नाहीत. मनुष्याच्या मुलाचे तसे नसते. परंपरेने हाती येणारी आणि नव्या वाक्यांची निर्मिती करणारी व्यवस्था म्हणजे भाषा, असे मानल्यास कोंबडीचे ध्वनी भाषा नव्हेत. पण भाषा नव्हे म्हणजे गोंगाट, हे अनुमानही खोटे आहे. भाषा आणि गोंगाट ह्यांच्या दरम्यान संकेतांचे मोठे क्षेत्र आहे, आणि त्याची ओळख होण्यास जूससारखा मनुष्यभाषेचा अभ्यासक कारणी लागला, ही गोष्ट आपण विसरू नये.

शेवटी आपल्या घरचा विचार. ग्रंथांनी कोंबडीकडे दुर्लक्ष केले, तरी ती पाळणाऱ्या बायकांनी केले नाही. अंड्यावर न आलेली ती ‘तलंग’. अंडी थांबवून उबवणीस बसू पाहणारी ती ‘खुडूक’. संध्याकाळी टोपलीखाली झाकणे ते ‘डालणे’. रात्रीचा निवारा ते ‘खुराडे’. ह्यांतील ‘खुडूक’ हा एकच शब्द घेतला तरी आवाज, अंगाची ऊब, फुगलेली पिसे व बसण्याचा हट्ट ह्या सर्वांचे निदान त्यात सामावले आहे. व्यापारी अंड्यांसाठी निवडलेल्या जातींतून हा खुडूकपणा जवळजवळ नाहीसा करण्यात आला आहे, आणि पिंजऱ्यातील कोंबडीस जागा शोधण्याचीही सोय नसते. वस्तू गेली की शब्द फार दिवस टिकत नाही. कोकण, देश व विदर्भ येथे परसातले कळप अजून आहेत. तेथील ध्वनिवाचक व अवस्थावाचक शब्द गावोगाव जाऊन, उच्चारासह व प्रसंगासह टिपून घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ती, ज्याला आपण आजवर गोंगाट म्हणत आलो ते ऐकून घेण्याची तयारी.