खांबाला बांधलेलं पिल्लू आणि मदिनेतली कोंबडी

गेल्या रमजानमधली गोष्ट. असरची नमाज पढून घरी परतत होतो. गल्लीच्या तोंडाशी पोरांचा गोंगाट चालला होता. जवळ जाऊन पाहिलं तर विजेच्या खांबाला सुतळीने बांधलेलं कुत्र्याचं पिल्लू. पोरं दहा पावलांवरून त्याला खडे मारत होती. नेम लागला की एक गुण. आणि गुण मोजणारा माझा सख्खा भाचा, वय वर्षं नऊ. मी काही न बोलता त्याच्या कानाखाली वाजवली, दंडाला धरून ओढत त्याला घरी नेलं. बाकीची पोरं पांगली.

रोजा सोडल्यावर बहीण म्हणाली, “भाईजान, लहान पोरं ती. खेळता खेळता होतं असं. एवढं मारायचं का?” शेजारचे चाचा बसलेले होते. त्यांचं मत बरोबर उलट. म्हणाले, “आत्ताच बंदोबस्त करा. असली पोरं मोठी झाली की कसाई होतात.” आमच्या मोहल्ल्यात कुरेशींची वीसेक घरं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला मुक्या जनावराला खडे मारताना मी आजवर पाहिलेलं नाही. पण ते असो.

‘पोरं आहेत, चालायचंच’ आणि ‘हा उद्याचा गुन्हेगार’ ही दोन उत्तरं काही आमच्या घरातच निघाली नाहीत. दोन्हींना जुना इतिहास आहे. पण तिसरंही एक उत्तर इतिहासात आहे, आणि ते मला त्या रात्री आठवायला हवं होतं, कारण लहानपणी मदरशात ते मी ऐकलेलं होतं.

सहीह बुखारीत प्रसंग आला आहे. दुसरे खलिफा ह. उमर (रजि.) यांचे चिरंजीव अब्दुल्ला इब्न उमर (रजि.) एकदा यह्या बिन सईद यांच्याकडे गेले. यह्या हे उमय्या घराण्यातले, म्हणजे त्या काळच्या सत्ताधारी कुळातले. त्यांच्या घरच्या एका मुलाने कोंबडी बांधून ठेवली होती आणि तिच्यावर तो नेमबाजी करत होता. इब्न उमर यांनी काय केलं, त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. ते आधी मुलाकडे गेले नाहीत. ते चालत कोंबडीकडे गेले आणि तिला सोडवलं. मग ती कोंबडी आणि तो मुलगा, दोघांनाही घेऊन घरच्या मोठ्यांपुढे उभे राहिले. त्यांना सांगितलं की, आपल्या मुलांना आवरा, कुठलंही जनावर बांधून ठेवून असं मारायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

मुलाला त्यांनी मारल्याचा उल्लेख नाही. बोलणं झालं ते मोठ्यांशी.

हे पुन्हा वाचताना मला एक गोष्ट टोचली. त्या दिवशी पिल्लाला सोडवलं कुणी? मी नाही. मी भाच्याला थप्पड मारली, ओढत घरी नेलं, तणतणत हातपाय धुतले आणि खजूर घेऊन दस्तरख्वानावर बसलो. ज्याच्यासाठी एवढा राग आला ते पिल्लू माझ्या लेखी तिथंच बांधलेलं राहिलं.

इब्न उमर यांचा असाच दुसरा एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. या वेळी कुरैश कबिल्यातली तरुण पोरं होती. त्यांनी एक पक्षी बांधून त्याला लक्ष्य केलं होतं आणि पक्ष्याच्या मालकाशी सौदा ठरवला होता. नेम चुकला की तो बाण मालकाचा. आता जरा विचार करा. बाण ही काही फुकट मिळणारी वस्तू नव्हती. म्हणजे पोरांना मजा आणि मालकाला मिळकत. इब्न उमर दिसताच सगळी पळाली. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे, असं त्यांनी मागे ठणकावून सांगितलं. पोरं पळून गेली तरी पक्षी ज्याचा होता त्याचं काय? पोरांच्या क्रौर्याकडे नीट पाहिलं की मागे कुठेतरी असा एखादा मोठा माणूस उभा असतो. त्याला बाण मिळत असतात.

तिसरा प्रसंग बसऱ्याचा. उमय्यांचा इराकमधला सुभेदार हज्जाज बिन यूसुफ. त्याच्या कठोरपणाच्या कथा आजही सांगतात. त्याचा नातलग हकम बिन अय्यूब बसऱ्याचा कारभार पाहायचा. प्रेषितांचे (स.) सहाबी अनस बिन मालिक (रजि.) त्याच्याकडे गेले तेव्हा तिथेही तेच दृश्य. पोरं कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरत होती. अनस तोवर फार वृद्ध झाले होते. त्यांनीही तीच मनाई बोलून दाखवली, आणि तीही अशा दारात, जिथं असं काही बोलायला छाती लागत होती. ज्या घरांतून माणसांना जरब बसवण्याचा कारभार चालतो, त्यांच्या अंगणात पोरं कोंबडीवर हात साफ करतात, याचं मला नवल वाटत नाही.

या अनस यांच्या लहानपणाची एक आठवण हदीसमध्येच आहे. त्यांचा धाकटा सावत्र भाऊ अबू उमैर. त्याच्याकडे एक लहानसा पाळलेला पक्षी होता, ज्याच्याशी तो खेळायचा. पक्षी मेला. पोर हिरमुसलं. प्रेषित (स.) त्यांच्या घरी जात तेव्हा त्या मुलाला नावाने हाक मारून त्याच्या पक्ष्याची चौकशी करत, आणि तीही पक्ष्याच्या आणि मुलाच्या नावाचं यमक जुळवून. इतका मोठा माणूस एका पोराच्या चिमुकल्या पाखराची खबर घेतो, हे ज्याने लहानपणी पाहिलं, त्यानेच पुढे ऐंशीच्या घरात बसऱ्याच्या अधिकाऱ्याला कोंबडीवरून सुनावलं. दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या त्या त्यांच्यामुळेच.

इथे वाचक मला अडवतील. ‘कोंबडी कापून खाता, बकरा ईदला कुर्बानी देता, आणि दयेच्या गोष्टी सांगता?’ प्रश्न रास्त आहे, मला रागही येत नाही. पण हेही पाहा की मनाई झाली ती खायला परवानगी असलेल्या प्राण्याबाबतच. कोंबडी खाता येते, म्हणून तिला खेळणं करता येत नाही. जबह करायचं तर सुरी धारदार हवी, जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, त्याच्या डोळ्यांसमोर सुरी परजू नये, इथवर सूचना हदीसमध्ये आहेत. आणि आपण काय करतो? ईदच्या आठवडाभर आधी बकरा घरी येतो. पोरं त्याचे कान ओढतात, पाठीवर बसतात, शेपटी पिरगाळतात, आणि आपण मोबाइलवर त्याचं चित्रण करून नातेवाइकांना पाठवतो. त्या पक्ष्याच्या मालकाला निदान बाण तरी मिळत होते!

आता युरोपकडे वळू, कारण चाचांचं ‘कसाई होतील’ हे भाकीत तिथे फार ताकदीने मांडलं गेलं. इंग्लंडमध्ये कोंबडा खुंटाला बांधून त्याच्यावर दांडकी फेकण्याचा खेळ लेंटच्या उपासाआधीच्या मंगळवारी राजरोस चाले, आणि त्यात पोरंही असत आणि बापेही. मदिना आणि लंडन यांच्यात हजार वर्षांचं अंतर, पण खेळ तोच. 1751 साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने ‘क्रौर्याच्या चार अवस्था’ ही चित्रमालिका छापली. पहिल्या चित्रात टॉम नीरो नावाचा अनाथ पोरगा कुत्र्याचा अतोनात छळ करतो आहे, आणि एक भला मुलगा आपल्या हातातला खाऊ पुढे करून त्याला सोडवू पाहतो आहे. दुसऱ्या चित्रात टॉम गाडीवान होऊन घोड्याला झोडपतो, तिसऱ्यात खून करतो, चौथ्यात फासावरून उतरवलेलं त्याचं प्रेत डॉक्टर चिरत आहेत. चित्रं साध्या माणसांपर्यंत पोचावीत म्हणून होगार्थने ती मुद्दाम ठसठशीत आणि स्वस्त ठेवली होती. उद्देश चांगलाच होता. पण त्या पहिल्या चित्रात पोरांना थांबवणारा एकही मोठा माणूस नाही, हे मला फार बोलकं वाटतं. टॉम अनाथाश्रयातला, त्याला सांभाळण्याची जबाबदारी पॅरिशवर, आणि पॅरिश गायब.

होगार्थच्या आधी 1693 साली तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यात तो जास्त खोल गेला होता. पाखरं आणि फुलपाखरं हाती लागली की मुलं त्यांचे हाल करतात, हे त्यालाही दिसलं होतं. पण त्याने विचारलं, हे शिकवतं कोण? आपण मुलांना इतिहास म्हणून लढाया आणि कत्तली सांगतो, आणि ज्यांनी सर्वांत जास्त माणसं मारली त्यांना थोर म्हणतो. मुलं तेच गिरवतात. (आपल्याकडे कुणाच्या तलवारी किती लांब होत्या यावर भांडणाऱ्यांनी, आणि त्यात आमचेही भाई आले, हे प्रकरण वाचावं.) लॉकने एका आईचं उदाहरण दिलं आहे. मुलींनी कुत्रा, खार, पक्षी काहीही मागितलं तर ती आणून देई. मात्र एकदा आणलं की त्याचं खाणंपिणं नीट बघायचं. हयगय झाली तर तो मोठा गुन्हा धरला जाई.

विसाव्या शतकात टॉम नीरोला डॉक्टरी भाषा मिळाली. 1963 मध्ये मॅकडोनाल्ड या मानसोपचारतज्ज्ञाने, खून करण्याच्या धमक्या देणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासातून तीन खुणा मांडल्या: मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांचा छळ. या त्रिकुटाची फार चर्चा झाली, पण भाकीत म्हणून ते पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. 1987 पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत प्राण्यांवरचं क्रौर्य हे मुलांच्या वर्तनविकाराचं एक लक्षण मानलं जातं, ते मात्र योग्यच आहे. लपूनछपून, पुन्हा पुन्हा, समोरचा जीव तडफडतो आहे हे कळूनही मूल असं करत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. आणि अशा मुलाच्या घरात कुणी कुणाला मारतं का, हेही बघायला हवं, कारण अनेकदा ते मूल स्वतःच मार खात असतं. थप्पड मारणारा मामा या वाक्यापाशी थोडा थांबला होता.

आता आपल्या मुंबईतला एक मुलगा. खेतवाडीत मामांकडे वाढणारा, आईबाप लहानपणीच गेलेले. हातात छर्‍याची बंदूक. 1906-07 च्या सुमाराला त्याने तबेल्यात एक चिमणीचं घरटं हेरलं. आत मादी अंड्यांवर, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. घोडागाडीच्या आड लपून त्याने नर टिपला. मादीला दुसरा जोडीदार मिळाला, तोही टिपला. सात दिवसांत त्याच एका खिळ्यावर आठ नर मारले, आणि हे सगळं वहीत नोंदवून ठेवलं. आजच्या एखाद्या शाळेत ती वही सापडली असती तर काय गहजब झाला असता!

तो मुलगा सलीम अली. याच सुमाराला त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. चिमणी हलाल, पण ही असली चिमणी खावी की नाही? तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामा स्वतः शिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासदही. त्यांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. धास्तावलेल्या त्या पोराला मिलार्ड यांनी चिमणीची जात सांगितली, मग कपाटाचे खण उघडून भुसा भरून जपलेले पक्षी एकामागून एक दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. पिवळ्या गळ्याच्या चिमणीने दार उघडलं, असं सलीम अली आयुष्यभर सांगत राहिले. आत्मचरित्राचं नावही त्यांनी चिमणीवरूनच ठेवलं.

खोटं कशाला सांगू, पुढेही त्यांनी अभ्यासासाठी पक्षी मारले. त्या काळचं पक्षिशास्त्र तसंच चाले. पण 1930 मध्ये हाच माणूस अलिबागजवळ किहीमला सुगरणीच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसून राहिला. नर घरटी कशी बांधतो, मादी येऊन ती कशी पारखते, याची नोंद त्याने केली. तबेल्यातही त्याने नराची आणि मादीचीच नोंद केली होती. फक्त बंदूक नव्हती.

ईद झाल्यावर मी भाच्याला घेऊन गच्चीत बसलो. आधी थपडेबद्दल माफी मागितली. तो बिचकला, मामू असं बोलतात हे त्याला नवीन होतं. मग विचारलं, “त्या दिवशी पिल्लाला सोडवलं कुणी?”

“मीच,” तो म्हणाला. “रोजा सोडल्यावर. गाठ सुटत नव्हती, अम्मीची कात्री नेली. ते चावायला आलं.”

मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

आता तो रोज संध्याकाळी पोळीचा तुकडा घेऊन खांबापाशी जातो. तुकडा ठेवून दहा पावलं मागे येतो. तो तिथे असेपर्यंत पिल्लू येत नाही. काल विचारत होता, “मामू, किती दिवस लागतील?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”