सुईचा कोन आणि खाँसाहेबांचा सूर

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. जन्म १८७२ चा, कैराना गावचा. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर त्यांचा इंतकाल झाला आणि मय्यत मिरजेला आणली गेली. मागे शिष्य राहिले आणि तबकड्या राहिल्या. शिष्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला इथे तबकड्यांबद्दल लिहायचे आहे, कारण खाँसाहेब म्हणून आज आपण जे ऐकतो ते तबकडीएवढेच सुईवरही अवलंबून असते, आणि सुईकडे कोणी पाहत नाही.

सुराच्या बाबतीत हा माणूस किती काटेकोर होता! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचा शोध चालवला, तेव्हा त्यांना ज्याच्या गळ्यावर आणि कानावर भिस्त ठेवता आली ते खाँसाहेबच. अशा गवयाच्या आवाजात कणभर फरक पडला तरी ती त्याच्यावर जुलूम करणारी गोष्ट आहे.

फरक पडतो तो पहिल्यांदा वेगामुळे. ७८ फेऱ्यांचे माप १९२५ च्या सुमारास स्थिरावले. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या त्याच्या वीसेक वर्षे आधीच्या, भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या. त्या काळी वेग कमीजास्त असे. मिनिटाला साडेचार-पाच फेऱ्या जास्त झाल्या की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. मग ऐकणारा म्हणतो, आवाज फारच बारीक होता बुवा.

दुसरी गोष्ट सुईच्या टोकाची. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे पाऊण दशांश मिलिमीटर त्रिज्येचे टोक लागते. लाँग प्लेच्या सुईचे टोक त्याच्या एकतृतीयांशाहून बारीक. ते जुन्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि वर येते ती नुसती खरखर. घरगुती प्लेअरमध्ये सुई फिरवून बदलायची सोय असे, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. किती घरांत ती फिरवली जाई, हा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट कोनाची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. तबकडी कोरणारे यंत्र आपली छिन्नी बाहेरून आत सरळ रेषेत नेते. वाजवणारा हात मात्र एका खिळ्याभोवती फिरतो, म्हणून सुई कंसात जाते. सरळ रेषा आणि कंस सगळीकडे कसे जुळणार? इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये ‘द ग्रामोफोन’ मासिकात या हिशेबाला हात घातला. १९३८ मध्ये स्वीडनचे लोफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी तो पक्का केला. उत्तर असे निघाले की सुईचे टोक मधल्या खिळ्याच्या थोडे पुढे जाऊ द्यावे, कार्ट्रिज हाताला तिरके बसवावे, म्हणजे तबकडीवर दोन जागी सुई अगदी बरोबर कोनात येते. बाकी ठिकाणी चूक उरते, पण थोडी. एलपीसाठी या दोन जागा मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर धरतात.

आम्ही शाळेत दहावीला भूमिती उर्दूतून शिकवतो. मराठी वर्गात जिला स्पर्शिका म्हणतात, तिला आमची मुले मुमास म्हणतात. सुई खाचेला मुमास राहिली पाहिजे, एवढेच या सगळ्या विद्येचे सार. जाड कागदावर मधला खिळा बसेल असे छिद्र, त्यापासून दोन अंतरांवर दोन ठिपके आणि प्रत्येकाभोवती आडव्याउभ्या रेघा, हे माप कंपासपेटीत तयार होते. कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करायचे, टोक ठिपक्यावर ठेवायचे आणि कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर येईपर्यंत ते मागेपुढे करायचे. एका ठिपक्यावर जमले की दुसऱ्यावर बिघडते. अर्धा तास सहज जातो. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला येणारे पाणी पाहिलेल्याला याचे नवल वाटू नये. डोंगरापासून इथवर उतार नेमका साधला नसता तर ते जाते फिरलेच नसते.

या चुकीचा फटका कुठे बसतो, ते पाहण्यासारखे आहे. एलपीची एक फेरी पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त चालते. बाहेरच्या कडेला तेवढ्या वेळात सुईखालून ९२ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या कडेला ३८ सुद्धा नाही. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटलेला असतो, म्हणून कोनाची चूक तिथे सर्वांत जास्त ऐकू येते. आता आपला ख्याल कसा गायला जातो? आधी विलंबित, मग द्रुत, शेवटी ताना. कव्वालीचा रंगही शेवटीच चढतो. म्हणजे गवई जिथे कळसाला पोचतो, तिथेच वाईट बसवलेली सुई त्याला फाडते. ‘शेवटी आवाज फाटला’ असे काही जुन्या उस्तादांबद्दल बोलले जाते. ते ऐकताना आम्ही आधी विचारतो, कोणत्या प्लेअरवर ऐकले?

पोलादी सुईच्या जमान्यात तर नुकसान कायमचेच होई. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असे, ती सुईला घासून खाचेचा आकार देई. म्हणून सुई एका बाजूलाच वापरायची, मग फेकायची. काटकसरीत तीच सुई दहा वेळा चालवली की तिची धार खाचेच्या भिंती खरवडून काढी. ते नंतर कोणत्याही कोनाने भरून येत नाही. शंभर ग्रॅमच्या वर भार टाकणारा तो साउंडबॉक्स आणि आजचे दोन-चार ग्रॅमचे कार्ट्रिज, यांची तुलनाच नको.

मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. अशा तबकड्या मिळवणे, त्यांची नोंद करणे, त्या ऐकवणे यासाठी तिने बरेच केले. आमच्या शहरातल्या जुन्या घरांतही माळ्यावर पेट्या आहेत. भंगारवाला तबकड्यांचे वजन करतो. त्याच्या आधी ज्याच्या हाती त्या पडतील त्याने एवढे करावे: ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात, लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, रुंद टोकाची सुई आणावी, आणि कागदी माप करताना ध्यानात ठेवावे की ७८ ची खाच एलपीपेक्षा आत, लेबलाच्या जवळ जाते, म्हणून तिचे ठिपके थोडे आत घ्यावे लागतात.