निपुत्रिकांचा कर

चिंतामणराव देशमुखांनी १९५५ साली जो अर्थसंकल्प मांडला, त्यात प्राप्तिकरासंबंधी एक लहानसा फेरफार होता. तोपर्यंत कर भरणाऱ्याच्या उत्पन्नातील पहिल्या १,५०० रुपयांवर कर आकारला जात नसे. ही करमुक्त रक्कम विवाहितांसाठी २,००० रुपये करण्यात आली आणि अविवाहितांसाठी १,००० रुपयांवर उतरविण्यात आली. मिळकतीच्या चौकशीबरोबर घरातील माणसांचीही चौकशी सुरू झाली ती अशी. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. करदात्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक अपत्यामागे आणखी ३०० रुपये करमुक्त झाले. मात्र दोन अपत्यांपुरतेच. १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतलेल्या सरकारला ही मर्यादा शोभण्यासारखीच होती.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक वर्ग उभा राहिला. विवाह झालेला, पण मूल नसलेला. पगार तोच, घरभाडे तेच, बदलीचे गाव तेच. तरी शेजारच्या बिऱ्हाडापेक्षा कर थोडा अधिक. रकमेने हा फरक मोजक्या रुपयांचा होता, आणि एवढ्यासाठी कोणी अन्नाला महाग झाले नसेल. परंतु ज्या घरात पाळण्याचा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम झालेला असतो, त्या घरात सरकारी कागदावर ‘अपत्ये : नाहीत’ असे स्वतःच्या हाताने लिहिणे, आणि त्या दोन शब्दांचे रुपये-आण्यांत, पुढे नव्या पैशांत, उत्तर येणे, ही गोष्ट निव्वळ हिशेबाची राहत नाही.

अर्थशास्त्री म्हणतील की हा दंड नव्हे. ज्याच्यावर भार अधिक त्याला दिलेली सूट आहे. तत्त्वतः ते खरे आहे. कर ऐपतीप्रमाणे घ्यावा आणि दोन मुलांच्या बापाची ऐपत त्याच पगारात कमी असते, यात वाद कसला? पण सूट आणि दंड या एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत. भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत, यावर ती कशी दिसते हे ठरते. आणि इतिहासात पाहिले तर अनेक राज्यकर्त्यांनी या बाबतीत सूट हा शब्द वापरण्याचीही तसदी घेतलेली नाही.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोमचे. सम्राट ऑगस्टसने इ. स. पूर्व १८ मध्ये आणि पुन्हा इ. स. ९ मध्ये विवाहविषयक कायदे केले. वरिष्ठ कुळांतील लोक लग्ने टाळतात आणि मुले होऊ देत नाहीत, ही त्याची तक्रार होती. कायद्याने ठरविले की दूरच्या आप्ताने किंवा स्नेह्याने मृत्युपत्राने काही ठेवले, तर अविवाहिताला त्यातले काहीच मिळू नये आणि विवाहित पण निपुत्रिकाला निम्मेच मिळावे. पतिपत्नींनाही, मूल नसेल तर, एकमेकांच्या मालमत्तेचा साधारणपणे दहावा हिस्साच मृत्युपत्राने घेता येई. गंमत अशी की इ. स. ९ चा कायदा ज्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखला जातो, ते पापियस आणि पॉपेयस दोघेही स्वतः अविवाहित होते. इतिहासकार डिओने हे मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

मूल नको म्हणणारा आणि मूल न होणारा, या दोघांना कायद्याच्या डोळ्याला निराळे ओळखता येत नाही. म्हणून मग अर्ज करावे लागतात. रोममध्ये तीन अपत्यांच्या बापाचे हक्क सम्राट एखाद्याला कृपेने देत असे. धाकट्या प्लिनीला ते ट्रेजनकडून मिळाले. त्याची पत्नी कॅल्पुर्निया हिचा गर्भपात झाल्याची दुःखद पत्रे त्याच्या पत्रसंग्रहात आहेत. पुढे, इ. स. ११० नंतर, हाच प्लिनी काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार होऊन गेला. रोमपासून इतक्या दूर, जलवाहिन्या आणि नगरपालिकांचे बिघडलेले हिशेब यांच्या धबडग्यात, त्याने सम्राटाला आपल्या एका मित्रासाठी पत्र लिहिले. मित्र म्हणजे चरित्रकार स्विटोनियस. त्याच्या विवाहाला अपत्यसुख लाभलेले नाही, तेव्हा ते हक्क त्याला द्यावेत, अशी विनंती होती. ट्रेजनचे उत्तर अस्सल कचेरीतले आहे. अशा कृपा आपण फार जपून करतो, सिनेटलाही तसे सांगितले आहे. तथापि आपली विनंती मान्य करून तशी नोंद करण्यास सांगितले आहे. बदलीच्या गावाहून वरिष्ठांना अर्ज लिहिणाऱ्या कोणालाही हा पत्रव्यवहार परका वाटू नये.

ऑगस्टसच्या कायद्यातील बराचसा दंड कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२० मध्ये रद्द केला. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे तो चालला. विसाव्या शतकात सोव्हिएट रशियाने नोव्हेंबर १९४१ मध्ये, युद्धाच्या ऐन धुमाळीत, निपुत्रिकांवर उघड कर बसविला. वीस ते पन्नास वयाचे पुरुष आणि वीस ते पंचेचाळीस वयाच्या विवाहित स्त्रिया त्यात येत, आणि पुढे तो वेतनाच्या सहा टक्के झाला. ज्यांची मुले रणांगणावर पडली त्यांना माफी होती. सोव्हिएट संघ मोडेपर्यंत तो कर चालू राहिला.

आपल्याकडे राजाची नजर निपुत्रिकाच्या मिळकतीपेक्षा त्याच्या मरणावर असे. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा व्यापारी गलबत बुडून मरतो; त्याला मूल नाही, म्हणून धन राजाचे, असा अमात्याचा लेख येतो. दुष्यंत त्याची एखादी पत्नी गर्भवती आहे काय याचा शोध घ्यावयास लावतो आणि वारसा त्या न जन्मलेल्या जीवाचा ठरवितो. ही झाली नाटकातली गोष्ट. पण बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाल सोळंकीने, हेमचंद्राचार्यांच्या प्रभावाखाली, निपुत्रिकाचे धन जप्त करण्याची प्रथा खरोखरच बंद केली. त्या धनाला एक नाव होते : ‘रुदतीवित्त’, रडणाऱ्या बाईचे धन. खजिन्याच्या कोणत्याही बाबीला इतके प्रामाणिक नाव क्वचितच मिळाले असेल. पुढे डलहौसीने सातारा, नागपूर आणि झाशी घेतली तीही औरस वारस नाही एवढ्याच सबबीवर. फक्त तेथे बिऱ्हाडाऐवजी संस्थान होते.

या साऱ्यांच्या शेजारी १९५७ ची आपली तरतूद ठेवली, तर ती सौम्यच म्हणावी लागेल. तिने कोणाकडून दाखला मागितला नाही, कोणाला कृपेची याचना करावयास लावली नाही. तिचा दोष निराळा होता. तिने मोजलेले कुटुंब पतिपत्नी आणि दोन मुले एवढेच होते. आपल्यापैकी अनेक घरांत मूल नाही, पण गावी आई आहे, विधवा बहीण आहे, धाकट्या भावाचा मुलगा शिक्षणासाठी येऊन राहिलेला आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर न चुकता जाते. एकत्र हिंदू कुटुंब हा घटक कायद्याला ठाऊक आहे, पण नोकरदाराचा पगार सहसा त्याचा एकट्याचा समजला जातो, कुटुंबाचा नव्हे. ज्या माणसावर सर्वांत अधिक माणसे विसंबून असत, तो सरकारी हिशेबात सर्वांत मोकळा ठरे.

आज करमुक्त मर्यादा ठरविताना विवाह किंवा अपत्ये यांची चौकशी होत नाही. तथापि जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते, आणि तीही दोनच अपत्यांपुरती. पुतण्याची फी त्यात बसत नाही.