धुवायची दुर्बीण, टाकायची दुर्बीण

घरातल्या कुणाच्या तरी आजारपणात ‘दुर्बीण घालून फुप्फुस तपासलं’ हे तुम्ही ऐकलं असेल. ही दुर्बीण म्हणजे ब्रॉन्कोस्कोप. तिच्या इतिहासात उजेड आत कसा पोचला हे सगळे सांगतात. बाहेर काढल्यावर ती धुवायची कशी, हे सहसा सुटून जातं.

१८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गुस्टाव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ, कडक नळीतून बाहेर काढला. धातूची नळी उकळता येते. १९५४ मध्ये मूळचे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवलं. १९६६ मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारा ब्रॉन्कोस्कोप जगापुढे आणला. दुर्बीण फुप्फुसाच्या लहान फांद्यांत शिरू लागली, पण आता ती उकळता येईना.

तेव्हापासून प्रत्येक तपासणीनंतर तेच काम: गळती बघा, दोन-अडीच मिलिमीटरच्या पोकळीतून ब्रश फिरवा, जंतुनाशकात बुडवा, धुवा, पूर्ण वाळवा. यात चूक महागात पडते. आणि कधीकधी चूक धुणाऱ्याची नसतेच. बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात दुर्बिणीचं एक झाकण सैल असल्याने स्यूडोमोनास जंतू रुग्णांपर्यंत पोचल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं.

२००९ च्या सुमारास एकदाच वापरायची दुर्बीण बाजारात आली: टोकाला बारीक कॅमेरा, काम झालं की कचऱ्यात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं, संसर्ग पसरायचा धोका जास्त असेल किंवा लगेच धुण्याची सोय नसेल, तिथे हिचा विचार करा.

आता रत्नागिरीत या. जुलैच्या दमट हवेत वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस ओला राहतो. तिथे ती बारीक पोकळी आपोआप कशी वाळेल? त्यासाठी यंत्र हवं, वीज हवी, शिकलेला माणूस हवा. २०२३ पासून इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी कोणती दुर्बीण घ्यायची, हे नुसत्या किमतीच्या पाटीवरून ठरत नाही. महिन्याला तपासण्या किती? दुरुस्तीला गेलेली दुर्बीण परत येईपर्यंत काय? रात्री दोनला आयसीयूत कफाने नळी तुंबली, तर धुऊन ठेवलेली दुर्बीण हाताशी आहे का?

तपासण्या रोजच्या असतील, तर धुवायची दुर्बीण आणि धुणाऱ्याचा पगार परवडतो. क्वचित, अवेळी, संसर्गाच्या भीतीत लागत असेल, तर कपाटात टाकायच्या दोन-चार असाव्यात. एक अट मात्र हवी: टाकायची दुर्बीण काटकसर म्हणून धुऊन पुन्हा वापरली, तर दोन्हीकडचा तोटाच पदरी पडतो. शिवाय प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा तो संसर्गित कचरा कुणीतरी उचलायचाच असतो.

आजीला विचारा. तिच्या लहानपणी इंजेक्शनची काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरत. ती गेली, टाकायची आली, आणि कुणाला तिची आठवण येत नाही. दुर्बिणीचं तसं होईलच असं नाही. पण तुमच्या माणसाच्या तपासणीआधी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: डॉक्टर, ही दुर्बीण धुतं कोण?